कार्बन आर्क गाउजिंग: दुरुस्तीच्या वर्कशॉपमधील वापरानंतरचा अनुभव

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील आमच्या वर्कशॉपमध्ये नव्या फॅब्रिकेशनपेक्षा दुरुस्तीची कामे अधिक येतात. खडी क्रशरवर राबणाऱ्या पोकलेनच्या बकेट आणि बूम, जॉ क्रशरच्या चौकटी, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की ऊस वाहून नेणाऱ्या केन कॅरियरचे आणि ऊस फोडणाऱ्या फायब्रायझरचे भाग, आणि अधूनमधून जाड प्लेटच्या टाक्या, असे आमच्या कामाचे स्वरूप आहे. अशा कामात नवे वेल्डिंग भरण्यास जेवढा वेळ लागतो तेवढाच, कित्येकदा त्याहून जास्त, तडकलेला किंवा झिजलेला जुना धातू काढण्यात जातो. त्यासाठी आम्ही अनेक वर्षे सात इंची ग्राइंडर, चिपिंग हातोडी आणि गॅस कटर यांवर काम भागवत आलो. गेल्या पावसाळ्यापूर्वी ६०० अँपिअर क्षमतेची, हाताने चालवायची कार्बन आर्क गाउजिंगची, म्हणजे धातू वितळवून हवेने उडवत चर काढण्याची, टॉर्च घेतली. तेव्हापासून १० मिलीमीटरहून जाड प्लेटवरचे जवळजवळ सर्व काम तिच्यावरच झाले आहे. टॉर्च कोणत्या कंपनीची, याला माझ्या मते फारसे महत्त्व नाही, कारण या प्रक्रियेचे यश टॉर्चपेक्षा तिच्या मागच्या हवेवर आणि तिच्यानंतरच्या साफसफाईवर अवलंबून असते. म्हणून पुढचे सर्व लिखाण टॉर्चविषयी कमी आणि प्रक्रियेविषयी जास्त आहे.

ज्यांनी ही प्रक्रिया जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कार्बन आणि ग्रॅफाइटच्या मिश्रणातून केलेली, वरून तांब्याचा पातळ मुलामा दिलेली कांडी टॉर्चच्या जबड्यात धरतात. कांडी आणि काम (म्हणजे ज्या धातूवर चर काढायचा तो भाग) यांच्यामध्ये आर्क, म्हणजे विजेची ठिणगी, पेटला की त्याखालचा धातू वितळतो, आणि जबड्यालाच असलेल्या छिद्रांतून कांडीला समांतर सुटणारा हवेचा झोत तो वितळलेला धातू जागच्या जागी उडवून लावतो. मागे अर्धगोल तळाचा चर उरतो. गॅस कटिंगमध्ये लोखंड ऑक्सिजनमध्ये प्रत्यक्ष जळते, त्यामुळे ती पद्धत साध्या पोलादावर उत्तम चालते आणि स्टेनलेस किंवा बीड यांच्यापुढे अडते. गाउजिंगमध्ये धातू जाळायचा नसून फक्त वितळवून उडवायचा असल्यामुळे ही अडचण येत नाही. या पद्धतीचा जन्मही याच गरजेतून झाला. १९४० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या कामात स्टेनलेस पोलादाचे शेकडो फूट तडकलेले वेल्डिंग काढण्याची वेळ आली, तेव्हा एकाने कार्बन कांडीने आर्क धरायचा आणि दुसऱ्याने नळीने हवा मारायची, अशा दोन माणसांच्या जोडीने पहिले प्रयोग झाले. पुढे हवेची वाट टॉर्चमध्येच आली आणि दुसऱ्या माणसाची गरज संपली.

आमच्या दृष्टीने या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ वेगाचा नाही, तर तडा डोळ्यांना दिसण्याचा आहे. वेग अर्थातच मोठा आहे. सहा-सात मिलीमीटर खोल चर सरावलेला हात मिनिटाला अर्ध्या मीटरच्या पुढे सहज नेतो, आणि त्याच लांबीला ग्राइंडरने किती वेळ लागतो आणि किती चाके झिजतात हे सांगण्याची गरज नाही. परंतु ग्राइंडरचा खरा दोष वेगळाच आहे. ग्राइंडरचे चाक धातू कापताना तो थोडा सारवतेही, त्यामुळे बारीक तड्याचे तोंड वरच्या वर मिटून जाते आणि तडा संपला असे वाटू लागते. गाउजिंगमध्ये वरचा थर वितळून उडून जातो आणि चराच्या तळाशी तडा काळ्या रेघेसारखा स्वच्छ उघडा पडतो. तीन-तीन मिलीमीटरचे थर काढत गेल्यास ती रेघ कोठे वळते, कोठे फाटते आणि कोठे संपते हे काचेतून पाहता पाहताच कळत जाते.

पोकलेनच्या बकेटचे उदाहरण घेतो, कारण ते आमच्याकडे वारंवार येते. दातांचे अॅडॉप्टर जेथे पुढच्या जाड ओठाला वेल्ड केलेले असतात तेथे, वेल्डिंगच्या कडेपासून निघून ओठाच्या आत उतरणारा तडा जातो. वरून त्याची लांबी बोटभर दिसते आणि प्लेटच्या आत तो त्याच्या दुप्पट पसरलेला असतो. अशा तड्याच्या दोन्ही टोकांच्या थोडे पुढे आम्ही आधी ड्रिलने भोके पाडतो, जेणेकरून गाउजिंगच्या उष्णतेने तडा पुढे धावू नये. मग टोकांकडून मध्याकडे गाउज करत येतो, मध्यापासून टोकांकडे नाही. ओठाची प्लेट साधारण ४०० ब्रिनेल कठीणतेची असल्यास गाउजिंगपूर्वीच ती १०० ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून घेतो. वेल्डिंगसाठी प्रीहीट लागते हे सर्वांना मान्य असते, पण गाउजिंगसाठीही तेवढेच प्रीहीट लागते याकडे मात्र अनेक ठिकाणी दुर्लक्ष होते. थंड, कठीण प्लेटवर आर्कची उष्णता क्षणभर लागून लगेच आत शोषली गेली की चराच्या भिंतीवर कडक, ठिसूळ थर तयार होतो आणि त्यातून नवे बारीक तडे निघू शकतात. काळी रेघ दिसेनाशी झाली की चर ग्राइंडरने चकचकीत करून, प्लेट ५० अंशांखाली आली की डीपी टेस्ट, म्हणजे रंगीत द्रव झिरपवून उरलेला तडा दाखवणारी तपासणी, घेतो. लाल रेघ उमटली नाही तरच पुन्हा प्रीहीट करून, ओव्हनमधून काढलेल्या ७०१८ या लो-हायड्रोजन वेल्डिंग रॉडने भरायला सुरुवात होते. चराचा तळ गोल असल्यामुळे पहिला रन दोन्ही भिंतींना नीट धरतो आणि अरुंद कोपऱ्यात स्लॅग (वेल्डिंगची मळी) अडकण्याची भीती कमी राहते. पूर्वी याच जागी वेल्डिंग केलेल्या बकेट त्याच रेघेवर पुन्हा तडकून परत येत असत. आता तसे येणे बरेच कमी झाले आहे, आणि त्याचे श्रेय मी वेल्डिंगच्या रॉडला न देता तडा पूर्ण काढला गेल्याला देतो.

दोन्ही बाजूंनी वेल्ड करायच्या जाड प्लेटच्या जोडात, म्हणजे बॅक गाउजिंगमध्ये, हाच गुण उपयोगी पडतो. एका बाजूने जोड भरून झाला की प्लेट उलटवून मागून रूटपर्यंत, म्हणजे जोडाच्या तळाच्या पहिल्या थरापर्यंत, चर काढायचा. रूटमधला अपुरा मिलाफ, स्लॅगचे तुकडे, हवेची छिद्रे हे सर्व तेथे उघडे पडते आणि एकसंध धातू लागेपर्यंत खाली जाता येते. प्रेशर व्हेसलच्या कामात बॅक गाउजिंग कोणत्या पद्धतीने करणार हे डब्ल्यूपीएसमध्ये (वेल्डिंगच्या लेखी कार्यपद्धतीत) लिहावे लागते, आणि तपासनीस चर पाहिल्याशिवाय दुसरी बाजू भरू देत नाहीत. ते योग्यच आहे.

साखर कारखान्यांच्या कामात आणखी एक उपयोग आढळला. झिजलेल्या लायनर प्लेट काढताना खालच्या मूळ प्लेटला धक्का न लावता केवळ कोपऱ्यातले फिलेट वेल्ड धुऊन काढता येते. गॅस कटरने हे करताना मूळ प्लेटवर खोल ओरखडे उठत आणि मग ते भरत बसावे लागे. फायब्रायझरच्या हातोड्यांवरचे जुने हार्डफेसिंग, म्हणजे झीज रोखण्यासाठी वेल्डिंगने चढवलेला कठीण थर, काढण्यासाठीही टॉर्च वापरली. ते ग्राइंडरला जवळजवळ दाद देत नाही, आर्कपुढे मात्र मुकाट्याने वितळते. अशा धातूत क्रोमिअम भरपूर असते आणि त्याचा धूर अधिक घातक असतो, म्हणून हे काम आम्ही फक्त बाहेर मोकळ्या जागेत करतो.

आता हवेकडे येतो. टॉर्च घेऊ इच्छिणाऱ्याने आपला बहुतेक विचार यावरच खर्च करावा असे मला वाटते. हाताच्या टॉर्चला वाहत्या हवेत दर चौरस सेंटिमीटरला ५.५ ते ७ किलो दाब आणि मिनिटाला सुमारे २५ ते ३० घनफूट हवा सतत लागते. ढोबळ हिशेबाने कॉम्प्रेसरच्या एका अश्वशक्तीमागे मिनिटाला चार घनफूट हवा मिळते, म्हणजे साडेसात अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर काठावर आणि १० अश्वशक्तीचा निश्चिंतपणे पुरतो. वर्कशॉपमध्ये आधीपासून असलेल्या पाच अश्वशक्तीच्या कॉम्प्रेसरवर चाचणी घेतली तेव्हा टाकीतला साठा असेपर्यंत चर सुरेख आला आणि दाब चार किलोच्या खाली घसरताच त्याच हाताखालचा, त्याच करंटवरचा चर बिघडला. धातू वितळत होता पण उडत नव्हता. तो चरातच थिजून कडांना चिकटत होता. असा धातू नुसता कुरूप नसतो, त्यात कांडीचा कार्बन मिसळलेला असतो. यानंतर गाउजिंगसाठी १० अश्वशक्तीचा, दोन टप्प्यांचा कॉम्प्रेसर स्वतंत्र ठेवला आणि टॉर्चपर्यंत अर्धा इंच आतील व्यासाची नळी घातली. नळी किंवा मधले कपलिंग अरुंद असेल तर कॉम्प्रेसरजवळच्या गेजवर सात किलो दिसतात आणि टॉर्चच्या तोंडाशी त्यातले कितीतरी कमी पोहोचतात, म्हणून दाब मोजायचा तो टॉर्चजवळ आणि हवा चालू असताना. पावसाळ्यात टाकीतले पाणी दर पाळीला काढणे आणि लाइनमध्ये तेल-पाण्याचा सेपरेटर ठेवणे हेही आवश्यक ठरले, कारण चराच्या भिंतीवर बसलेला ओलावा आणि तेल पुढच्या वेल्डिंगमध्ये छिद्रांच्या रूपाने बाहेर येतात.

विजेची बाजू तुलनेने सोपी आहे. पोलादासाठी डीसी आणि टॉर्च पॉझिटिव्हला. टॉर्च निगेटिव्हला जोडली तर आर्क फुरफुरतो आणि चर खडबडीत येतो. साडेसहा मिलीमीटरच्या कांडीला ३०० ते ४००, आठ मिलीमीटरला ३५० ते ४५० आणि दहा मिलीमीटरला ४५० ते ६०० अँपिअर ही आम्ही पाळत असलेली मर्यादा आहे. करंट कमी पडला तर आर्क अडखळतो आणि कांडी कामाला टेकते. जास्त झाला तर कांडी लालबुंद होऊन तिचा तांब्याचा मुलामा भराभर जळत मागे सरकतो. गाउजिंगच्या आर्कला साध्या वेल्डिंगपेक्षा बरेच जास्त व्होल्टेज लागते, साधारण चाळीस किंवा अधिक, आणि आर्क सहज पेटण्यासाठी मशिनचे ओपन सर्किट व्होल्टेज (आर्क पेटण्यापूर्वीचे व्होल्टेज) किमान ६० असावे. या कारणाने कागदावर ४०० अँपिअर लिहिलेले प्रत्येक इन्व्हर्टर मशिन गाउजिंगला चालतेच असे नाही. काही मशिनांवर आर्क मध्येच विझतो. आमचा जुना, जड, ६०० अँपिअरचा थायरिस्टर रेक्टिफायर याबाबतीत अतिशय भरवशाचा ठरला. आठ मिलीमीटरची कांडी ४०० अँपिअरवर चालताना केवळ आर्कमध्येच १६ किलोवॅट खर्च होतात, तेव्हा मंजूर भार पाहूनच मशिन निवडावे. अर्थ केबलचा क्लॅम्प पक्का आणि कामाच्या जवळ हवा, नाहीतर तोच तापतो.

हाताचे तंत्र शिकण्यास वेल्डरला फार दिवस लागत नाहीत, पण सवयी बदलाव्या लागतात. हवा आधी सोडायची, आर्क नंतर धरायचा. हवेची छिद्रे कांडीच्या खालच्या अंगाला, म्हणजे आर्कच्या मागे असली पाहिजेत, आणि कांडी पुढे ढकलत न्यायची. टॉर्चच्या जबड्यातून कांडी १८० मिलीमीटरपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, नाहीतर झोत आर्कपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पसरतो. ती ५० मिलीमीटर उरली की पुन्हा पुढे सरकवावी किंवा बदलावी, नाहीतर जबडा जळतो. चराची रुंदी कांडीच्या व्यासापेक्षा साधारण तीन मिलीमीटरने जास्त येते. खोली ठरते ती कांडीच्या कोनावर आणि हाताच्या वेगावर: कोन उभा आणि हात सावकाश असेल तर चर खोल जातो. एका फेरीत फार खोल जाण्याचा मोह टाळून दोन-तीन फेऱ्यांत खोली गाठली तर चर सरळ राहतो आणि तड्याकडे लक्षही राहते. वेल्डिंगमध्ये मुरलेल्या वेल्डरचा हात सवयीने सावकाश चालतो आणि रॉड मागे ओढतो, त्यामुळे आमच्याकडे जुन्या मिस्त्रींपेक्षा तरुण मुलांचा हात गाउजिंगवर लवकर बसला.

या पद्धतीवर सर्वाधिक घेतला जाणारा आक्षेप कार्बनचा आहे, आणि तो निराधार नाही. योग्य करंट, पुरेशी हवा आणि एकसारखा वेग असेल तर कार्बन मिसळलेला धातू झोताबरोबर उडून जातो आणि चराच्या पृष्ठभागात फारसा कार्बन उरत नाही. परंतु कांडी कामाला टेकली, आर्क थांबून पुन्हा धरला किंवा दाब घसरला, की त्या जागी कार्बनचा काळपट डाग किंवा तांब्याची लालसर छटा राहते. त्यावर तसेच वेल्डिंग केल्यास तेथे अतिशय कडक, तडकणारा ठिपका तयार होतो. म्हणून आमच्या वर्कशॉपमध्ये गाउज केलेला प्रत्येक चर वेल्डिंगपूर्वी अर्धा ते एक मिलीमीटर ग्राइंड केलाच पाहिजे, असा नियम केला आहे आणि त्याला अपवाद ठेवलेला नाही. स्टेनलेसच्या कामात तर हे दुप्पट काळजीने करावे लागते, कारण तेथे कार्बन वाढला की क्रोमिअम कार्बाइडच्या रूपात बांधले जाते आणि त्या रेघेवर पुढे गंज लागू शकतो. त्यामुळे गाउजिंगमुळे ग्राइंडर बंद होईल, या अपेक्षेने कोणी टॉर्च घेऊ नये. त्याचे काम कमी होते, संपत नाही.

तोटे स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. सर्वांत मोठा तोटा आवाज आहे. टॉर्च चालू असताना आवाज ११० डेसिबलच्या पुढे जातो, आणि कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा ९० डेसिबल आहे. चालवणाऱ्याला कानात प्लग आणि वरून मफ असे दोन्ही दिले पाहिजे, आणि शेजारी उभ्या असलेल्या हेल्परलाही तेवढेच, कारण त्याचा कान वेगळा नाही. वेल्डिंगच्या सुट्या भागांइतकाच खर्च कानांच्या आणि फुप्फुसांच्या संरक्षणावर करावा लागतो आणि तो टॉर्चच्या किमतीत धरूनच हिशेब मांडावा, असे मी आग्रहाने सांगेन. धुरात लोखंड, मँगनीज आणि मुलाम्याचे तांबे असते. नुसता रुमाल बांधून भागत नाही, योग्य फिल्टरचा रेस्पिरेटर हवा. टाकीच्या आत गाउजिंग करायचे असल्यास धूर बाहेर ओढणारी व्यवस्था आणि बाहेर उभा असलेला माणूस यांशिवाय आम्ही काम घेत नाही. डोळ्यांसमोरची काळी काच १२ ते १४ शेडची (गडदपणाच्या क्रमांकाची) लागते. झोताने उडालेले तप्त थेंब दहा मीटरपर्यंत जातात, त्यामुळे झोताच्या दिशेला जाड पत्र्याचा आडोसा ठेवतो आणि पोकलेनवर जागेवरच काम करायचे असेल तेव्हा हायड्रॉलिक होज, ग्रीस आणि डिझेलची टाकी ओल्या गोणपाटाने आणि पत्र्याने झाकल्याशिवाय आर्क धरत नाही. काम संपल्यानंतर अर्धा तास तेथे एक माणूस थांबतो.

कांड्यांविषयी एक गोष्ट पावसाळ्याने शिकवली. उघड्या खोक्यातल्या कांड्या ओलावा धरतात आणि आर्क लागताच त्यांचे टवके उडतात. आता त्या बंद डब्यात ठेवतो, आणि दमट झाल्याच तर रॉडच्या ओव्हनमध्ये १५० अंशांवर कित्येक तास सुकवतो. स्वस्त कांड्यांचा मुलामा असमान असतो आणि त्या एका बाजूने झिजून टोक तिरके होते. या एका बाबतीत बचत करू नये.

सहा मिलीमीटरपेक्षा पातळ प्लेटवर आम्ही ही पद्धत वापरत नाही, कारण तेथे आरपार जाण्याचा धोका आणि वाकण्याचे प्रमाण दोन्ही जास्त असतात. पातळ स्टेनलेसचे काम नियमित असेल त्याने प्लाझ्मा गाउजिंगचा, म्हणजे कार्बन कांडीऐवजी तप्त वायूच्या झोताने चर काढण्याचा, विचार करावा. त्यात कार्बनचा प्रश्नच नाही आणि आवाजही कमी आहे, मात्र भांडवल अधिक लागते आणि खडी क्रशरवर धुळीत नेऊन काम करण्याइतके ते यंत्र कणखर असतेच असे नाही. आमच्यासारख्या जाड आणि मळकट कामासाठी कार्बन आर्कच योग्य आहे.

एवढ्या वापरात टॉर्चचे जे भाग बदलावे लागले ते असे: जबड्याखालचे इन्सुलेटर, केबलच्या सांध्यावरचे रबरी आवरण आणि हवेच्या व्हॉल्व्हमधली ओ-रिंग. इन्सुलेटर जळून पातळ झाले की टॉर्च चुकून कामाला टेकल्यावर तिच्या डोक्यावरच आर्क पडतो आणि महागाचा भाग जातो, म्हणून ते दर आठवड्याला पाहतो आणि एक जोड नेहमी हाताशी ठेवतो. हवेची छिद्रे तारेने साफ करणे, जबड्याच्या खोबणीतला काळा थर ब्रशने काढणे आणि केबलचा सांधा हाताला गरम लागतो का हे पाहणे, एवढी देखभाल पाळीच्या शेवटी पाच मिनिटांत होते. पुढच्या हंगामापूर्वी शेडच्या मागे गाउजिंगसाठी तीन बाजूंनी बंद, आतून आवाज शोषणारी आणि धूर ओढणाऱ्या पंख्याची वेगळी खोली बांधण्याचे काम सध्या सुरू आहे.